गॉर्डन स्मिथचं नाव राहून गेलं

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्कॉटिश फुटबॉलवरचा तुमचा लेख आवडला. पण सगळा रेंजर्स आणि सेल्टिक या ग्लासगोच्या दोन बड्या क्लबांभोवतीच फिरतो, आणि त्यात गॉर्डन स्मिथचं नाव नाही, याची चुटपुट लागली.

एडिंबरोच्या हिबर्नियन (हिब्स) क्लबचा हा उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणारा खेळाडू. त्याच्यासह जॉनस्टन, रायली, टर्नबुल आणि ऑर्मंड ही हिब्सची आघाडीची पाच जणांची गाजलेली फळी, 'फेमस फाइव्ह'. 1948, 1951 आणि 1952 साली हिब्स स्कॉटिश लीगचे विजेते झाले, त्या तिन्ही वेळा तो संघात होता. 1959 मध्ये मात्र घोट्याच्या दुखापतीमुळे हा आता संपला असं क्लबने ठरवलं आणि त्याला मोकळं केलं. त्याने स्वतःच्या खिशातून ऑपरेशन करून घेतलं, गावातल्याच प्रतिस्पर्धी हार्ट्सकडे गेला आणि 1960 ला पुन्हा विजेता! घोटा काय दुखतो ते मी अनुभवलंय, माझं खेळणं त्यातच सुटलं. म्हणून हे वाचताना दरवेळी भरून येतं.

तेवढ्यावर थांबला नाही, पुढे डंडी या क्लबकडे गेला. 28 एप्रिल 1962 ला स्कॉटलंडमधल्या पर्थच्या म्युअर्टन पार्कवर डंडीने सेंट जॉनस्टनला 3-0 हरवून आपलं पहिलं लीग विजेतेपद मिळवलं. गिलझीनचे दोन गोल, पेनमनचा एक. आणि त्या संघात सदतीस वर्षांचा स्मिथ होता. पुढच्या मोसमात युरोपियन कपमध्ये याच डंडीने जर्मनीच्या कोलोनला 8-1 धुतलं.

तीन वेगळ्या क्लबांकडून लीग, आणि त्यात ना रेंजर्स ना सेल्टिक. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात स्मिथवर निदान दोन परिच्छेद लिहाच, ही मनापासून विनंती.