एकशे आठ द्राक्षं आणि एक नाणं

31 डिसेंबरच्या संध्याकाळी पावणेआठ वाजता मी द्राक्षं सोलत होतो. हातातलं द्राक्ष एकसष्टावं होतं. अजून सत्तेचाळीस बाकी होती.

हे काम जगात कुणी स्वखुशीने करत असेल असं मला वाटत नाही. देठाच्या बाजूने नखाने साल उचकटायची. ती अर्ध्यावर तुटते. मग दुसरीकडून धरायची, तोवर द्राक्ष बोटांतून सटकून फ्रिजखाली जातं. तिथून ते काढायला झाडू लागतो, आणि झाडूने काढलेलं द्राक्ष परत बशीत जातं की कचऱ्यात, हे त्या क्षणी स्वयंपाकघरात कोण आहे त्यावर ठरतं. सोलून झालं की सुरीच्या टोकाने बिया. शेवटी हातात उरतं ते एक ओलं, फिकट, डोळ्यासारखं काहीतरी. बशीत अशी साठ जमली होती आणि साठच्या साठ माझ्याकडे बघत होती.

"हे नक्की कशासाठी?" बायकोने दारातून विचारलं. तिसऱ्यांदा.

"नशिबासाठी," मी म्हणालो.

हे अर्धसत्य होतं. खादाड माणसाला खायला कारण लागत नाही, पण चारचौघांत खायला लागतं. वर्षअखेर हे तसं चांगलं कारण आहे, पण त्यात एक खोट आहे. दुसऱ्याच दिवशी लोक संकल्प करतात, आणि ते सगळे खाण्याच्या विरोधात असतात. त्यामुळे 31 तारखेच्या जेवणाला शेवटच्या जेवणाची कळा येते. मला पश्चात्तापाशिवाय खाता येईल असं काहीतरी हवं होतं. ते नोव्हेंबरमध्ये सापडलं. जगातले अर्धे लोक नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर जे खातात ते जिभेसाठी नाही, भाग्यासाठी खातात! म्हणजे न खाणं हाच निष्काळजीपणा.

स्पेनमध्ये मध्यरात्रीच्या बारा टोलांवर बारा द्राक्षं खातात, एकेक महिन्यासाठी एकेक. इटलीत मसूर खातात, कारण मसूर दिसतो नाण्यासारखा. जेवढे जास्त खाल तेवढा पैसा. जपानमध्ये कुट्टूच्या पिठाच्या लांब शेवया, सोबा. लांब म्हणून दीर्घायुष्य, आणि दाताने चटकन तुटतात म्हणून सरत्या वर्षाची पीडाही तुटते. ग्रीसमध्ये वासिलोपिता नावाचा केक, त्यात एक नाणं दडवलेलं. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत चवळी-भात, त्याच्याबरोबर नोटांच्या रंगाची पालेभाजी आणि सोन्याच्या रंगाचा मक्याचा पाव. एका ताटात चिल्लर, नोटा आणि सोनं, म्हणजे ताट नव्हे, बँकच. जर्मनीत तर जॅम भरलेल्या डोनटांत एखादा गुपचूप मोहरीच्या चटणीने भरतात आणि तो कुणाला लागतो याची मजा बघतात. हा प्रकार मी यादीतून काढला. माझ्या हातचं मुद्दाम बिघडवलेलं कोणतं आणि आपसूक बिघडलेलं कोणतं, हे पाहुण्यांना कळलं नसतं.

भाच्याला कोंबडी हवी होती. मी त्याला समजावलं की कोंबडी उकरताना माती मागे टाकते, म्हणून बरेच लोक नव्या वर्षाला ती खात नाहीत. खाल्ली तर वर्षभर मागचंच उकरत बसावं लागतं.

"ते तू न खाताही करतोस," बायको म्हणाली.

शेवटी चार देश पक्के झाले. जपान, स्पेन, ग्रीस, इटली. माणसं नऊ. नऊ गुणिले बारा म्हणजे 108 द्राक्षं. आकडा बघून मी हरखलो, कारण जपानमध्ये त्याच रात्री बौद्ध मंदिरांतून घंटेचे 108 टोल देतात. माणसाच्या 108 वासना, त्यांतून सुटण्यासाठी. हे मी बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"तुझी एकच आहे," ती म्हणाली आणि द्राक्षांची दुसरी पिशवी माझ्यापुढे ठेवून गेली.

स्पेनमध्ये म्हणे सोललेली, बिया काढलेली बरोबर बारा द्राक्षं छोट्या डब्यात भरून विकतात. पूर्वी मला हे आळशीपणाचं वाटलं असतं. आता वाटतं, त्या डब्याच्या जनकाचा पुतळा उभारला पाहिजे. सोलणं टाळताही येत नव्हतं. टोल पडतात तीन-तीन सेकंदांनी. तीन सेकंदांत सालीसकट द्राक्ष चावून गिळायचं म्हणजे घशाशी जुगार, आणि आमच्याकडे येणाऱ्यांत काका चौऱ्याहत्तर वर्षांचे.

खरा पेच वेळेचा होता. सोबा मध्यरात्रीच्या आत संपल्या पाहिजेत, नाहीतर जुन्या वर्षाची पीडा नव्यात उतरते. द्राक्षं टोलाला. केक बारानंतर. मसूर त्याच्या मागोमाग. गॅसला बर्नर चार, त्यांतला एक रुसलेला. मी वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं आणि प्रत्येक कामापुढे चौकोन काढले. चौकोनात बरोबरची खूण केली की मला काम झाल्याचं समाधान मिळतं. त्या समाधानाची घाई झाल्यामुळे काही खुणा मी आधीच करून ठेवल्या होत्या. हे पुढे महागात पडलं.

केक दुपारीच करायला घेतला. लोणी, साखर, अंडी, संत्र्याची किसलेली साल. चव घेऊन बघण्यात बराचसा घोळ मीच संपवला असेल, पण तो वेगळा विषय. या केकची दंतकथा मला फार आवडते. चौथ्या शतकातल्या संत बेसिल यांच्याकडे लोकांचे गोळा झालेले दागिने परत करायचे होते, पण कुणाचं काय ते कळेना. त्यांनी सगळं पावांत भाजलं, पाव वाटले, आणि ज्याचं त्याला बरोबर मिळालं. सरकारी कचेऱ्यांनी विचार करावा अशी पद्धत आहे.

आता नाणं. नाणं किती हातांतून फिरलेलं असतं हे मनात आल्यावर ते तसंच घोळात टाकवेना. लहान भांडी सगळी अडकलेली, म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं, मागच्या बर्नरवर ठेवलं आणि त्यात नाणं सोडलं. दहा मिनिटं उकळलं की बास. तेवढ्यात दारावर कुरिअरवाला आला. मग भाच्याचा फोन आला, मामा, कोंबडी खरंच नाही का? मग ओव्हन तापल्याची घंटी वाजली. मी घोळ टिनमध्ये ओतला, वर बदामांनी नव्या वर्षाचा आकडा मांडला आणि टिन आत सरकवला. फ्रिजवर बघितलं. "नाणं घालणे" या ओळीपुढे खूण होती. मी निश्चिंत झालो.

केक फुगला छान, पण फुगताना एका कोपऱ्यात खचला आणि शेवटचा आकडा पोटात घेऊन बसला. वर उरलं फक्त 202.

"हे काय?" बायको.

"प्राचीन पदार्थ आहे," मी म्हणालो.

साडेनऊपर्यंत सगळे जमले. जमले ते भुकेले जमले, कारण मी आठवडाभर सगळ्यांना दुपारी कमी जेवा म्हणून फोन केले होते. साडेदहाला सोबा उकळायला टाकल्या. आमचं पातेलं उथळ, शेवया लांब. मी भांडं शोधायला वाकलो, तेवढ्यात काकूंनी मदत म्हणून सगळ्या शेवया मधोमध मोडून पाण्यात घातल्या.

"काकू, लांबी म्हणजे आयुष्य हो!"

"मग आता?"

"आता निम्मं."

बाहेरून काकांचा आवाज आला. "चौऱ्याहत्तरचं निम्मं सदतीस. म्हणजे मी कधीच गेलो. मला दोनदा वाढा."

सोबा उकळल्या की लगेच थंड पाण्यात चोळून धुवाव्या लागतात, नाहीतर अंगचं पीठ चिकट होऊन बसतं. हे मला ठाऊक होतं. पण मी चाळणीत शेवया ओतल्या, आणि काका गेलोच म्हणाल्यामुळे बाहेर जो हशा चालला होता तो ऐकायला पाच मिनिटं दारात उभा राहिलो. परत आलो तर चाळणीत एकच शेवई होती. चाळणीच्या आकाराची. पालथी केली तर घुमटासारखी उभी राहिली. शेवटी दीर्घायुष्य सुरीने कापून, फोडी करून वाढलं. चव मात्र वाईट नव्हती. भाच्याने दोन फोडी खाल्ल्या आणि तिसरी पोटात मावत नाही म्हणून ताटलीतल्या ताटलीत गोल गोल फिरवत राहिला.

पावणेबाराला प्रत्येकापुढे बारा द्राक्षांची वाटी ठेवली. टोल हवे होते माद्रिदचेच. तिथे पुएर्ता देल सोल चौकात 1866 पासूनचं घड्याळ आहे, आणि सगळा स्पेन त्याच्या टोलांवर द्राक्षं खातो. भाच्याने मागच्या वर्षीच्या टोलांचा व्हिडिओ फोनवर लावला आणि आमच्या घड्याळाशी जुळवून ठेवला. मी उभा राहून सूचना दिल्या. टोलामागे एक, हसायचं नाही, बोलायचं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. बारा टोलांच्या आधी ते घड्याळ पाव-पाव तासाचे चार जोडटोल देतं. स्पेनमधल्या लहान पोरालाही ते माहीत असतं, तरी म्हणे दर वर्षी कुणी ना कुणी फसतंच. मलाही माहीत होतं. मी "अजून नाही" म्हणण्यासाठी तोंड उघडलं, आणि शेजारी बसलेल्या काकूंना वाटलं की मला भरवायचं आहे.

मी गिळेपर्यंत चार जोडटोल झाले होते आणि आठही वाट्यांतली चार-चार द्राक्षं गेली होती. मग शांतता. सगळे गाल फुगवून एकमेकांकडे बघतायत. आणि खरे टोल सुरू झाले. आठ टोलांना आठ द्राक्षं गेली. उरलेले चार टोल रिकाम्या वाट्यांवर पडले.

"म्हणजे सप्टेंबरपासून आपलं काही नाही," काका म्हणाले.

"कॅनरी बेटं!" भाचा ओरडला. "तीही स्पेनचीच आहेत, पण तिथे एक तास उशिरा बारा वाजतात. मामा, अजून चान्स आहे. सगळ्यांना फक्त चार-चार द्राक्षं द्यायची."

मी मनातल्या मनात चार नवे छत्तीस केले आणि माझ्या दोन्ही अंगठ्यांकडे बघितलं. नखांच्या कडा काळ्यानिळ्या झाल्या होत्या. सप्टेंबर ते डिसेंबर नशिबाशिवाय काढायचे असं घरच्या घरी ठरलं.

मग केक. नाण्याची गोष्ट सांगितल्यावर पहिल्यांदाच सगळे सावरून बसले. नऊ तुकडे केले. पुढची दहा मिनिटं आमच्या घरात जी शांतता होती तशी कुठल्या मौनव्रतातही नसेल. नऊ माणसं केक खात नव्हती, तपासत होती. पुढच्या दातांनी कण कण कुरतडायचा, जिभेने चाचपायचा, मग मागे पाठवायचा. शेजारच्या आजोबांनी कवळी काढून रुमालात ठेवली आणि तुकडा चहात बुडवून चोखला. काकूंनी त्यांचा तुकडा बोटांनी कुस्करून ताटलीत पसरला आणि तांदूळ निवडावेत तसा निवडला. संत्र्याच्या सालीचं, लोण्याचं कौतुक कुणी केलं नाही. एवढा सुरेख केक मी आयुष्यात पहिल्यांदा केला होता आणि तो झडतीत गेला.

नाणं निघालं नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून फ्रिजवरचं वेळापत्रक काढून आणलं आणि बरोबरची खूण दाखवली. लेखी पुरावा. तेव्हा काका हळूच म्हणाले, "मला पहिल्याच घासाला काहीतरी टणक लागलं होतं. मी बदाम समजून गिळलं."

आता सगळे काकांच्या पोटाकडे बघायला लागले.

"दुखतंय का?" काकूंनी विचारलं.

"मघाशी नव्हतं. आता तुम्ही सगळे बघताय म्हटल्यावर दुखतंय."

त्या गडबडीत इटली राहूनच गेली. बायकोने मसुराचं पातेलं आणलं, प्रत्येकाने रीत म्हणून चमचाभर घेतला, पण कुणाचं लक्ष खाण्यात नव्हतं. एक वाजता काका-काकू घरी गेले. जाताना जिन्यात काकू त्यांना सावकाश पाय टाका, सावकाश, असं सांगत होत्या, जणू आत काही हिंदकळेल.

मला रात्रभर झोप लागली नाही. काकांची काळजी होतीच, पण खोटं का बोला, पातेलंभर मसूर पडलाय हीसुद्धा होती.

सकाळी साडेसातला मी एकटाच स्वयंपाकघरात गेलो. मसूर गरम केला. मुरल्यामुळे रात्रीपेक्षा कितीतरी चांगला लागत होता. जेवढे जास्त खाल तेवढा पैसा, हे आठवून दुसरी वाटी घेतली. तिसरीच्या तळाशी पोचलो, मोठा घास घेतला आणि डाव्या दाढेखाली कट् झालं.

तोंडातून काढून नळाखाली धरलं. अर्धा तुकडा दाढेचा होता. दुसरी वस्तू गोल होती, सपाट होती आणि स्वच्छ उकळलेली होती.

आवाज ऐकून बायको आली. तिने नाण्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं.

"मागच्या बर्नरवर पाणी उकळतच होतं," ती म्हणाली. "मला वाटलं मसुरासाठीच ठेवलंयस."

गालावर हात धरून मी आधी काकांना फोन लावला. दातांचा दवाखाना त्या दिवशी बंदच असणार होता. पहिल्या रिंगला उचलला त्यांनी. मी सगळं सांगितलं. नाणं सापडलं, मसुरात होतं, तुम्ही गिळला तो बदामच, काळजी मिटली.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

"अरे," काका म्हणाले, "मग मी रात्रीपासून अकरा केळी खाल्ली ती कशासाठी?"