पित्तनलिकेचा कॅन्सर ‘केमोशिवाय, फक्त लेझरने’ बरा होतो?

सध्या फिरणाऱ्या मजकुराचा मथितार्थ असा: नॉर्वेच्या ‘प्रकाश-औषधा’ने शस्त्रक्रिया न होऊ शकणारा पित्तनलिकेचा कॅन्सर केमोशिवाय बरा होतो, ‘२२.८ महिने’ म्हणजे ‘दुप्पट आयुष्य’ मिळते, दुष्परिणाम शून्य, पण औषध कंपन्यांनी ते दाबून टाकले.

‘केमोशिवाय’. साफ उलटे. ते ‘प्रकाश-औषध’ म्हणजे फिमापोर्फिन; ते शिरेतून देतात. ते पेशीतल्या एंडोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांच्या आवरणात जाऊन बसते. चार दिवसांनी जेमसिटाबिन या केमोच्या औषधाचे सलाइन, मग ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचणे) करून पित्तनलिकेत ऑप्टिकल फायबर आणि ६५२ नॅनोमीटरचा लाल लेझर. प्रकाशाने पिशव्या फुटतात, आत अडकलेले जेमसिटाबिन पेशीत मोकळे होते. त्यानंतर जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन या केमोच्या जोडीची नेहमीची चक्रे असतातच. केमो वगळली तर मोकळे करायला काही उरतच नाही.

‘बरा होतो’. लाल प्रकाश ऊतीत फार तर सेंटिमीटरभर शिरतो. यकृतात पसरलेल्या गाठींपर्यंत तो पोचत नाही. तुंबलेली नलिका उघडी ठेवणारी धातूच्या जाळीची नळी (स्टेंट) आधीच बसवलेली असेल तर तीही काही प्रकाश अडवते. मजकुरातला ‘२२.८ महिने’ हा आकडा खरा आहे, पण तो चाचणीच्या पहिल्या टप्प्यातल्या सर्वांत मोठ्या डोसच्या मूठभर रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक (मधला आकडा) आहे. तुलनेला दुसरा गट नव्हता. तो एबीसी-०२ या वेगळ्या चाचणीतल्या जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन केमोच्या ११.७ महिन्यांशेजारी ठेवून ‘दुप्पट आयुष्य’ म्हणणे चूक.

असल्या आकड्यांनी पूर्वी फसवले आहे. साध्या फोटोडायनॅमिक थेरपीच्या (केमोशिवाय, फक्त प्रकाशाने जागे होणारे औषध) २००३च्या ३९ रुग्णांच्या चाचणीत स्टेंटसोबत प्रकाश घेणारे ४९३ दिवस जगले, नुसता स्टेंट असलेले ९८ (दोन्ही मध्यक). पुढे ब्रिटनच्या फोटोस्टेंट-०२ चाचणीत ९२ रुग्णांत चित्र फिरले (पुन्हा मध्यक आयुष्य): प्रकाशगट ६.२ महिने, नुसता स्टेंट ९.८.

‘दाबून टाकले’. फिमापोर्फिनची केमोशी तुलना करणारी, १८६ रुग्ण घ्यायचे ठरलेली ‘रिलीज’ चाचणी जानेवारी २०२२मध्ये थांबवली ती खुद्द औषध बनवणाऱ्या पीसीआय बायोटेकने. रुग्णभरती रेंगाळली होती, आणि टोपाझ-१ या दुसऱ्या चाचणीनंतर केमोला ड्युरव्हॅलुमॅब या प्रतिकारशक्तीला बळ देणाऱ्या औषधाची जोड मिळू लागल्याने तुलनेचा पायाच हलला. उत्तर न मिळताच चाचणी संपली. त्यामुळे ‘सिद्ध’ही म्हणता येत नाही आणि ‘निकामी’ही.

‘दुष्परिणाम शून्य’. औषधानंतर काही काळ त्वचा प्रकाशाला हळवी होते. ऊन आणि प्रखर दिवे टाळावे लागतात. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, स्टेंट तुंबून पित्तनलिकेत जंतुसंसर्ग होतो. स्टेंट असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला किंवा कावीळ परत दिसली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.