फोटोकडे एकदा नीट बघा तरी!

घर बांधायचंय, म्हणून मिस्त्रीला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी अहमदाबादेत बांधलेल्या ट्यूब हाउसचा फोटो दाखवला. अरुंद, लांबट घर. तापलेली हवा उतरत्या छताच्या कडेने वर चढते आणि माथ्यावरून बाहेर पडते. किती देखणं, किती साधं! त्यानं धड पाहिलंही नाही. "भाऊ, आपल्या इकडं असं नाही चालत. समोरून काच लावून देतो, मस्त दिसते."

काच? पश्चिमेला? मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्या विदर्भात?

गावात जिकडे बघावं तिकडे तीच काच, तेच स्टीलचं रेलिंग, तेच जांभळे लाइट. कवेलूचं घर पाडायचं, ओसरी बुजवायची, वर सपाट स्लॅब टाकायचा. तो अर्ध्या रात्रीपर्यंत आग ओकतो. मग कुलर. त्याला पाणी कुठलं? लाइट गेली की काय करायचं?

स्वस्त घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर विटा आडव्या न ठेवता उभ्या लावायचे, मध्ये पोकळी सोडायचे. विटा कमी लागतात, भिंत कमी तापते. यात महाग काय आहे? आणि लांब कशाला, सेवाग्रामची बापू कुटी पाहा ना! माती, बांबू, कवेलू. आत पाय ठेवला की जीव थंड होतो.

दहा वर्षं वहीत घर काढतोय मी. मधे चौक, चौकात कडुनिंब, उत्तरेचा उजेड. पैसे माझे, जागा माझी, मग घर शेजाऱ्यासारखं का?