शंभर दिले की दीडशे वाचतात? एकदा हिशेब तरी करून पाहा

बाबा नोकरीला लागल्यापासून मुलींच्या एका वसतिगृहाला दरवर्षी पुस्तकांसाठी पैसे पाठवतात. पावत्यांची फाइल टेबलाच्या खणात असते, वर्षावार लावलेली. यंदाची पावती दिसली नाही म्हणून विचारलं, तर त्यांनी मोबाइल पुढे केला. ‘हे वाच. एवढे मोठे लोक असं करतात, मग आपण कशाला द्यायचं?’

‘अब्जाधीशांच्या दानाचं सत्य’ नावाचा तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्यात पाच मुद्दे आहेत. दानाच्या प्रत्येक शंभरावर दीडशेचा कर वाचतो. पैसा स्वतःच्याच फाउंडेशनमध्ये, म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. सगळं नावासाठी चालतं. आजवर एकाही उद्योगपतीने खरोखर सगळं दिलेलं नाही. आणि शेवटी, म्हणून सामान्य माणसाने कुणालाच काही देऊ नये. बाबांना अडवलं ते या शेवटच्या ओळीने, म्हणून माझा राग जास्त आहे.

आधी दीडशेचं बघू. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात करसवलतीचा साधा हिशेब केलेला नाही. सवलत म्हणजे सरकार दिलेले पैसे परत करतं असं नाही. दानाची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते आणि तेवढ्या रकमेवरचा कर वाचतो. मेसेजमधली नावं बफे, गेट्स, झुकरबर्ग अशी आहेत, म्हणून अमेरिकेचाच हिशेब घेऊ. तिथले २०२५ पर्यंतचे नियम आणि केंद्रीय कराचा सर्वांत वरचा ३७ टक्के दर धरला, तर १०० डॉलर रोख देणाऱ्याचे फार तर ३७ वाचतात. उरलेले ६३ त्याच्या खिशातून गेले, ते गेलेच.

शेअर दान केले तर सवलत जास्त मिळते, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. समजा, जवळपास फुकटात मिळालेले शेअर आज १०० डॉलरचे झाले. विकले तर नफ्यावर २३.८ टक्के केंद्रीय कर भरून ७६.२ हातात राहतात. दान केले तर नफ्यावरचा कर लागत नाही आणि वर पूर्ण बाजारभावावर वजावट मिळते, म्हणजे पुन्हा ३७ वाचतात. श्रीमंतांना झुकतं माप आहे, यात वाद नाही. पण ७६.२ ठेवण्याऐवजी ३७ पदरात पडले, म्हणजे ३९.२ कमीच झाले. राज्याचा कर मिळवला तरी बेरीज शंभर ओलांडत नाही. दीडशे आले कुठून?

खुद्द गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी जून २०२१ मध्ये आपला आकडा जाहीर केला होता. तोवर त्यांनी ४१ अब्ज डॉलर दिले होते आणि दर हजार डॉलरमागे त्यांचा कर वाचला होता सुमारे ४० सेंट. कारण त्यांची संपत्ती शेअरमध्ये आहे, करपात्र उत्पन्न त्या मानाने फार थोडं, आणि वजावट उत्पन्नातूनच मिळते. एवढ्या संपत्तीवर इतका कमी कर का, हा प्रश्न जरूर विचारा. मीही विचारतो. पण तो वेगळा आहे.

‘एकानेही सगळं दिलं नाही’ आणि ‘सगळं नावासाठी’ या दोन्हींना एक माणूस पुरतो. चक फीनी. विमानतळांवरच्या ड्यूटी फ्री शॉपर्स या दुकानांच्या साखळीचे सहसंस्थापक. १९८४ साली त्यांनी कंपनीतला आपला ३८.७५ टक्के हिस्सा अटलांटिक फिलँथ्रॉपीज या आपण काढलेल्या संस्थेच्या नावे केला, तोही गुपचूप. भागीदारांनाही कळलं नाही. १९८८ मध्ये फोर्ब्सने त्यांना अब्जाधीशांत बसवलं, तेव्हा ती संपत्ती त्यांची राहून चार वर्षं झाली होती.

माहिती जाहीर करावी लागू नये म्हणून ही संस्था बर्म्युडात काढली होती, आणि त्यापायी त्यांनी अमेरिकेतली करसवलत सोडून दिली. ज्या सवलतीसाठी म्हणे सगळे दान करतात, ती! देणगी कुणाकडून आली हे घेणाऱ्यांनी सांगायचं नाही, अशी अट असे. पुष्कळांना तर ते माहीतही नसे. विद्यापीठांच्या आणि रुग्णालयांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांवर त्यांचं नाव नाही. १९९७ मध्ये कंपनीच्या विक्रीमुळे गुपित फुटणारच होतं, तेव्हा कुठे ते बोलले.

सॅन फ्रान्सिस्कोतलं भाड्याचं घर, मनगटावर स्वस्तातलं कॅसिओ घड्याळ, कागद न्यायला प्लास्टिकची पिशवी. स्वतःसाठी आणि पत्नीसाठी ठेवले सुमारे २० लाख डॉलर. दिले आठ अब्ज. सप्टेंबर २०२० मध्ये पैसे वाटून संपले आणि संस्था बंद झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये, ९२ व्या वर्षी, ते गेले.

असे लोक किती, म्हणाल तर थोडे. आणि खिशाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेही लपवत नाही. अमेरिकेत खासगी फाउंडेशनला दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्केच खर्च करावे लागतात, त्यात कार्यालयाचा खर्चही धरतात. काही फंड असे आहेत की सवलत आज घ्या, पैसा गरजूपर्यंत कधी पोचेल याला मुदत नाही. अब्जाधीशांनी जाहीरपणे दिलेल्या २०१० सालच्या ‘गिव्हिंग प्लेज’ या वचनामध्ये निम्म्याहून जास्त संपत्ती देण्याचा शब्द आहे, पण तो कायद्याने बांधत नाही. सह्या करून आणखी श्रीमंत झालेलेही त्यात आहेत. त्यांना हिशेब मागा, नियम कडक करा म्हणा, मी तुमच्या बाजूने आहे. पण फाउंडेशनचा पैसा घरखर्चाला किंवा मुलांच्या बंगल्याला वापरता येत नाही. तो खिसा दुसऱ्याचाच आहे.

राहिली शेवटची ओळ. कुणा अब्जाधीशाने लबाडी केली, म्हणून वसतिगृहातल्या मुलींची पुस्तकं का बंद व्हावीत? त्यांचा यात काय संबंध? काल रात्री बाबांजवळ बसून १००, ३७, ६३ असं सगळं कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी ते दोनदा तपासलं, मग फीनींबद्दल विचारत राहिले. आज सकाळी फाइल टेबलावर काढलेली होती. ज्या काकांनी त्यांना मेसेज पाठवला, त्यांनाही हे सगळं पाठवतो आहे.