काद्दिशमध्ये मृत्यूचं नावही नाही

'काद्दिश म्हणजे ज्यूंची मृतात्म्याला शांती मागणारी प्रार्थना' असा मेसेज फिरतोय. अर्धंच खरं. आई किंवा वडील गेले की मुलगा ती 11 महिने म्हणतो, पुढे दरवर्षी हिब्रू पंचांगातल्या मृत्यूच्या तिथीला, इथवर ठीक. पण मजकुरात मृत्यूचा उल्लेखच नाही. आहे ती देवाची स्तुती, तीही बहुतांशी हिब्रूत नव्हे, अरमाईक भाषेत. शिवाय घरी एकट्याने म्हणून भागत नाही. 10 जण हवेत, सनातनी सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) पुरुषच. 13 वर्षांचा पोरगाही मोजला जातो. शोक करणारा उभा राहून म्हणतो, बाकीचे 'आमेन' म्हणत साथ देतात. आपल्या रायगडातले बहुतेक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, इस्रायलला गेले, त्यामुळे रायगडात आता हे 10 जमवणंच अवघड.