हेरिटेज कमिटीच्या नावावर खपवलेली पापं

दक्षिण मुंबईत एखादी जुनी इमारत कोसळली की एक मजकूर भाडेकरूंच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. शब्द बदलतात, आशय तोच. मुंबईत हेरिटेज कमिटी नावाची एक समिती आहे. ती महापालिकेच्याही वर आहे. तिथे फोर्ट-मलबार हिलकडचे चार सुखवस्तू लोक बसतात, त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही. इमारत एकदा हेरिटेज म्हणजे वारसा यादीत गेली की भिंतीत खिळा ठोकता येत नाही, मालकाला दमडी मिळत नाही, बिल्डर फिरकत नाही, आणि शेवटी छप्पर गरीब भाडेकरूच्या डोक्यावर येतं. म्हणून समिती बरखास्त करा.

पाऊस सुरू झाला की पोरांना घेऊन टेकू लावलेल्या जिन्यावरून वर-खाली करणाऱ्या माणसाचा संताप खोटा नसतो. त्याच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण या मजकुरातली जवळपास प्रत्येक गोष्ट एकतर चूक आहे किंवा अर्धीच सांगितलेली आहे, आणि त्यामुळे ज्यांना जाब विचारायला हवा ते नामानिराळे राहतात.

पहिला मुद्दा: समिती पालिकेच्या वर आहे. ही समिती आली कुठून ते बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ हा मूळ कायदा. त्याखालच्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत एप्रिल १९९५ मध्ये ६७ क्रमांकाचा वारसा नियम लागू झाला. विकास आराखडा २०३४ बरोबर नवी नियमावली आली, तिच्यात हाच विषय ५२ व्या नियमात आहे. ६७ व्या नियमाने घालून दिलेली रचना सरळ आहे: यादीतल्या इमारतीला हात लावायचा तर महापालिका आयुक्तांची लेखी परवानगी लागते, आणि ती देताना आयुक्तांनी राज्य सरकारने नेमलेल्या वारसा समितीचा सल्ला घ्यायचा. परवानगी आयुक्तांची, सल्ला समितीचा. समितीचा सल्ला पटला नाही तर अपवादात्मक प्रकरणात आयुक्त तो बाजूला सारू शकतात. अट एवढीच की कारणं लेखी नोंदवायची, आणि हा अधिकार हाताखालच्या कुठल्या अधिकाऱ्याकडे सोपवायचा नाही, स्वतः वापरायचा.

ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते. सल्ला डावलण्याचा निर्णय कुण्या साहाय्यक अभियंत्याच्या टेबलावर गुपचूप होऊ नये, शहराच्या सर्वोच्च प्रशासकाने स्वतःच्या सहीने, कारण देऊन तो घ्यावा, असं नियम करणाऱ्यांनी ठरवलं. म्हणजे समितीला नकाराधिकार नाही. ‘कमिटीने अडवलं’ असं जेव्हा तुम्हाला सांगितलं जातं, तेव्हा आयुक्तांनी अडवलं किंवा आयुक्तांपर्यंत फाइल गेलीच नाही, यातलं एक खरं असतं.

दुसरा मुद्दा, चार सुखवस्तू लोकांचा. समितीची रचना नियमातच लिहून ठेवली आहे, मर्जीतली माणसं बसवायला ती मोकळी नाही. अध्यक्ष वरिष्ठ प्रशासनातून निवृत्त झालेला. सदस्यांत स्ट्रक्चरल इंजिनिअर, वास्तुरचना आणि नगररचना जाणणारे आर्किटेक्ट, पर्यावरणाचा अभ्यासक, शहराचा इतिहासकार, आणि ज्याला आपण अजूनही म्युझियम म्हणतो त्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संचालक. तज्ज्ञांसाठी दहा वर्षांच्या अनुभवाची अट. सदस्य सचिव मात्र पालिकेचाच अधिकारी, विकास आराखडा खात्याकडचा. बिनसरकारी सदस्यांची मुदत तीन वर्षं, पुन्हा नेमणूक होऊ शकते. एखाद्या विषयाची खास जाण असलेल्या तिघांपर्यंत माणसं समिती स्वतः घेऊ शकते.

या यादीतला स्ट्रक्चरल इंजिनिअर विसरू नका. ‘यांना नक्षी दिसते, माणसं दिसत नाहीत’ असं म्हणताना ज्याचं कामच इमारत उभी राहील की पडेल हे सांगण्याचं, तो माणूस नियमानेच त्या टेबलावर बसवलेला आहे. आणि सदस्य सचिवही विसरू नका. समिती पालिकेच्या डोक्यावर बसलेली असती तर तिचा सचिव पालिकेचा अधिकारी नसता.

निवडून आलेलं कुणी नाही, हे खरं. सल्लागार समितीत तसं असणं मला गैर वाटत नाही, नगरसेवकांना बोलायला सभागृह आहे. पण मजकुरात नसलेली एक तक्रार मीच जोडतो, कारण ती रास्त आहे: जुन्या इमारतीत जो प्रत्यक्ष राहतो, त्या भाडेकरूसाठी या रचनेत ठरलेली खुर्ची नाही. गाळेवाल्या दुकानदारालाही नाही. इतिहासकार हवाच, पण पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने घेतलेल्या खोलीत तीन पिढ्या काढलेला माणूसही हवा. हा बदल सरकारला करता येईल. त्यासाठी समिती मोडायची गरज नाही.

आता खिळ्याचं. यादीतल्या सगळ्या इमारती एका मापाच्या नाहीत. ग्रेड १ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, राजाबाई टॉवर, एशियाटिकचा टाउन हॉल अशी स्थळं. तिथे आत-बाहेर कुठेही हात लावायचा तो फक्त मजबुतीसाठी आणि आयुष्य वाढवण्यासाठी. ग्रेड २ चे दोन भाग, अ आणि ब. इथे आतले बदल, इमारतीचा नव्या कामासाठी वापर याला वाव आहे. ब मध्ये तर मूळ इमारतीशी विजोड दिसणार नाही असं वाढीव बांधकाम त्याच आवारात करायचीही सोय आहे. ग्रेड ३ मध्ये आतले-बाहेरचे बदल साधारणपणे होऊ शकतात. रंगकाम आणि गिलाव्यालाही परवानगी लागते असं नियमाच्या शब्दांत आहे, ते मी लपवत नाही. त्यासाठी हेलपाटे पडतात हेही खरं. पण परवानगी लागणं वेगळं आणि मनाई असणं वेगळं. लाकडी जिना बदलायचा, गळकी गच्ची दुरुस्त करायची, तुळई बदलायची, यातलं काहीही नियमाने बंद केलेलं नाही.

या व्यवस्थेचा उपयोग काय ते बघायचं असेल तर सीएसएमटीहून हुतात्मा चौकाकडे दादाभाई नौरोजी रोडने चालत जा. रस्त्याच्या कडेच्या इमारतींच्या तळाशी कमानींचा सलग व्हरांडा आहे. उन्हापावसात तुम्ही एका इमारतीतून दुसरीत न भिजता जाता. हा योगायोग नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हा रस्ता बांधला जात असताना, प्रत्येक मालकाने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानी ठेवल्याच पाहिजेत असा नियम होता. मालक वेगळे, शैली वेगळ्या, एक गॉथिक तर शेजारचा घुमटवाला, पण खालची वाट एक. पुढे शंभर वर्षांत त्या कमानी दुकानांच्या पाट्यांनी बुजल्या. एकावर एक पत्रे, प्लास्टिकचे उजेडाचे डबे, मधे वायरींची जाळी, एसीचे खोके.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथे काम सुरू झालं ते वारसा नियमातल्या पाट्यांविषयीच्या तरतुदीच्या आधारावर. पाटी कमानीच्या पोकळीत बसेल एवढीच, कमानीच्या मधल्या दगडावर नाही, कंगोऱ्यावर नाही, खांबाचा माथा झाकून नाही. आणि हे दंडुक्याने झालं नाही. दुकानदारांना आणि मालकांना बरोबर घेऊन, इमारतीगणिक समजावून झालं. पुढे या कामाला युनेस्कोची आशिया-पॅसिफिक पातळीवरची दाद मिळाली. डाउनटाउनचा विकास म्हणजे फक्त नवा टॉवर, असं ज्यांना वाटतं त्यांनी या रस्त्यावरून एकदा पायी जावं. दुकानं तिथेच, धंदा तोच, आणि चालणाऱ्याला त्याची वाट परत मिळाली. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या ९४ गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा ठरल्या, त्याच्या मागेही जपणुकीची ही वीस-पंचवीस वर्षं आहेत.

आणि आता तो आरोप, ज्यासाठी हा मजकूर खरं तर लिहिलेला असतो: समितीमुळे इमारती पडतात.

आकडे शेजारी ठेवू. १९९५ च्या यादीत सहाशे तेहतीस नोंदी होत्या. एका नोंदीत कधी खोताची वाडीसारखी अख्खी वस्ती येते, त्यामुळे प्रत्यक्ष इमारती जास्त, हे धरून चालू. दुसरीकडे, १९६९ मध्ये जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा आला तेव्हा शहर भागातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी कर भरणाऱ्या जुन्या इमारती होत्या १९,६४२. जीर्ण इमारतींचा प्रश्न या हजारोंचा आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांचा हेरिटेजशी काडीचा संबंध नाही. मुंबईत इमारती पडू लागल्या म्हणून तर १९६९ चा कायदा आला. वारसा नियम त्यानंतर सव्वीस वर्षांनी आला.

मग इमारती का खचल्या? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. फाळणी, महागाई, घरांची टंचाई हे बघता त्या वेळी भाडेकरूला संरक्षण देणं गरजेचं होतं. पण ते गोठवलेलं भाडं तसंच राहिलं आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढतच गेला. मालकाने हात आखडला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरवली, १९९९ चा नवा कायदा मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आली. मूळ रक्कमच इतकी किरकोळ की तिचे चार टक्के म्हणजे प्लंबरच्या एका खेपेचेही पैसे नाहीत. उपकरातून दुरुस्ती मंडळाने काम करायचं, तर पैसा अपुरा आणि इमारती हजारो. मालक बघत नाही, मंडळाला पुरत नाही, भाडेकरूचा मालकी हक्क नाही. इमारत पडते ती या तिघांच्या मधे.

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, हे याचं ठळक उदाहरण. १८६० च्या दशकात उभी राहिलेली ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची इमारत, सुटे भाग इंग्लंडहून जहाजाने आलेले. जुलै १८९६ मध्ये ल्यूमिए बंधूंची चलच्चित्रं याच हॉटेलात दाखवली गेली. पुढे हॉटेल बंद झालं, खोल्यांत वकिलांच्या कचेऱ्या, खाली दुकानं, मूळ रचनेत वाटेल तशा भिंती आणि पोटमाळे घुसवलेले. जुलै २००५ मध्ये तिच्या सज्जांचा भाग कोसळला, एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली, आणि पाडायची की सावरायची हा वाद उच्च न्यायालयात पोचला. त्या इमारतीवर हेरिटेजचा शिक्का होता हे खरं. पण सज्जे खाली आले ते शिक्क्याच्या वजनाने नाही. अनेक दशकं कुणी लोखंडाला गंज चढू नये म्हणून रंगाचा हात मारला नाही, पाणी मुरत राहिलं, वर बेकायदा ओझं वाढत गेलं. वेळेवर दुरुस्ती झाली असती तर वाद कोर्टात जायची वेळच आली नसती. आणि इमारत खरोखर धोकादायक असेल तर ती रिकामी करण्याचा, उतरवण्याचा अधिकार आयुक्तांकडे १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली आहेच.

मालकाला काही मिळत नाही, हेही चूक. वाढीव बांधकामाचा हक्क वारसा नियमामुळे वापरता आला नाही, तर त्या बदल्यात टीडीआर, म्हणजे तेवढ्या बांधकामाचा हस्तांतरणीय हक्क मागता येतो, तो दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो. इमारत नीट राखायची हमी दिली तर निवासी भागाचं ऑफिस किंवा हॉटेल करायचीही मुभा मिळू शकते. ही सोय मोठ्या मालकाला जमते, पागडीच्या लहान इमारतीला त्यातलं फारसं झेपत नाही, आणि तिथे सरकारने थेट दुरुस्तीचा पैसा द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

यादी लोकांवर लादली जाते, या म्हणण्याला २०१२ च्या शिवाजी पार्कचा दाखला दिला जातो. त्या वर्षी ९४८ नोंदींची नवी प्रस्तावित यादी जाहीर झाली, शिवाजी पार्क परिसर तिच्यात होता, आणि दादरभर खळबळ उडाली. पण ती प्रस्तावित यादी होती. नियमानुसार यादीत भर घालण्याआधी किंवा काही वगळण्याआधी हरकती-सूचना मागवाव्याच लागतात, आणि शेवटचा शब्द राज्य सरकारचा. त्या वेळी हरकती आल्या, त्या ऐकायला माजी मुख्य सचिव दिनेश अफझुलपूरकर यांची समिती बसली. दादरकर बोलले आणि त्यांचं ऐकावं लागलं. लादलेल्या गोष्टीचं असं होत नसतं.

तुमच्या इमारतीची फाइल अडली असेल तर ग्रुपवर शिव्या घालण्याआधी माहिती अधिकारात पालिकेकडे चार गोष्टी मागा. प्रस्ताव समितीपुढे कोणत्या तारखेला ठेवला. समितीने काय शिफारस केली, त्या बैठकीचं इतिवृत्त. आयुक्तांनी त्यावर कोणत्या तारखेला काय आदेश दिला. आणि शिफारस डावलली असेल तर त्याची लेखी कारणं. तारखा हातात आल्या की फाइल कुणाच्या टेबलावर किती महिने पडून होती ते तुम्हीच वाचाल, आणि मोर्चा न्यायचाच असेल तर तो त्या टेबलावर न्या.