निखळणारा खांदा आणि दुर्बिणीचा मेसेज

नाशिकमधल्या कबड्डी मंडळांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सातपूरपासून आडगावपर्यंतच्या पोरांनी तो मला पाठवला, काहींच्या आयांनीही. त्यात म्हटलंय: ‘खांदा वारंवार निखळत असेल तर दुर्बिणीचंच ऑपरेशन करा. उघडं ऑपरेशन कालबाह्य झालंय. दुर्बिणीचं केलं की खांदा पुन्हा निखळत नाही, तीन आठवड्यांत मैदानात उतरता येतं. उघड्यात हात कायमचा अडकतो. हाड कापून स्क्रूने बसवा म्हणणारा डॉक्टर बिल फुगवतोय. कुठल्याही वयात हेच लागू.’ खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन्ही प्रकारे ऑपरेशन झालेले खांदे माझ्याकडे येतात आणि शस्त्रक्रिया मी करत नसल्यामुळे कुठल्याच बाजूला माझं दुकान नाही. एकेक वाक्य घेते.

‘उघडं ऑपरेशन कालबाह्य.’ खांदा पुढे निखळतो तेव्हा वाटीच्या पुढच्या-खालच्या कडेवरची कूर्चेची किनार, म्हणजे लॅब्रम, बहुतेकदा हाडापासून सुटते. ब्रिटिश सर्जन बँकार्ट यांनी १९२३ मध्ये यावर बोट ठेवलं आणि ती किनार परत हाडाला शिवण्याची दुरुस्ती आजही त्यांच्याच नावाने चालते. दुर्बिणीतून करतात तीही बँकार्टच. फक्त आत जायची वाट वेगळी: उघड्यात छेद घेऊन, दुर्बिणीत छोट्या छिद्रांतून. सुरुवातीला दुर्बिणीतून ही किनार धातूच्या स्टेपलने किंवा हाडातून आरपार टाके घेऊन बसवायचे. तेव्हा खांदे बरेच पुन्हा निखळायचे. हाडात रुतवायचे, धागे ओवलेले छोटे खिळे, म्हणजे अँकर, आले तेव्हा कुठे दुर्बीण उघड्या ऑपरेशनच्या पंगतीला बसली.

तरी बरोबरी झाली का? लहान चाचण्यांत झालेली दिसते. पण कॅनडात १९६ रुग्णांना चिठ्ठी काढून दोन गटांत वाटलं होतं, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. दोन वर्षांत खांदा पुन्हा सटकण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनमध्ये ११ टक्के होतं, दुर्बिणीत २३. रोजच्या जगण्यातलं समाधान मात्र दोन्हीकडे सारखंच निघालं. एका अभ्यासावर निकाल लावू नये, मान्य. पण ज्याला कालबाह्य म्हणताय त्याचा आकडा निम्मा आहे, एवढं तरी फॉरवर्ड करण्याआधी बघा.

‘पुन्हा निखळत नाही.’ सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे. खांद्याची वाटी मुळातच उथळ असते, वाटी कसली, बशीच म्हणा. प्रत्येक वेळी गोळा, म्हणजे दंडाच्या हाडाचं गोल डोकं, पुढे उतरताना या बशीच्या कडेचा थोडा टवका उडू शकतो किंवा कड झिजू शकते. शिवाय त्याच कडेवर आपटून गोळ्याच्या मागच्या बाजूला खळगा पडतो. त्याला हिल-सॅक्स म्हणतात. किनार कितीही नीट शिवली तरी खाली हाडच उरलं नसेल तर ती कशाच्या आधारावर टिकणार?

बर्कहार्ट आणि दी बिअर या सर्जनांनी २००० मध्ये १९४ दुर्बिणीच्या ऑपरेशनांचा हिशोब मांडला. हाड शाबूत होतं त्यांच्यात पुन्हा निखळण्याचं प्रमाण ४ टक्के. हाड बरंच गेलेल्यांमध्ये ६७ टक्के. अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्यांत, हाड गेलेलं असेल तर, ८९. त्यात रग्बीवाले होते, पण आपल्या चढाईपटूने हे आकडे परके समजू नयेत. मध्यरेषेकडे झेपावलेला पोरगा, मागून घोटा धरलेला, लांब टाकलेल्या हातावर दोन-तीन जणांचं वजन. खांदा इथेच उतरतो.

बाल्ग आणि बुआलो या सर्जनांनी २००७ मध्ये दहा गुणांची एक साधी मोजणी दिली. मला ती आवडते, कारण ती पालकांसमोर कागदावर करता येते. ऑपरेशनच्या वेळी वय २० किंवा कमी: २. स्पर्धात्मक खेळ: २. अंगाला भिडणारा किंवा हात डोक्यावर जोरात फेकायचा खेळ: १. सांधे मुळातच सैल: १. साध्या एक्स-रेत, हात बाहेर वळवलेला असताना, गोळ्यावरचा खळगा दिसला: २. वाटीच्या कडेची रेषा तुटलेली दिसली: २. आता एकोणीस वर्षांचा, जिल्हा संघातून खेळणारा कबड्डीपटू घ्या. एक्स-रे काढण्याआधीच त्याचे ५ झाले. खळगा दिसला की ७. त्यांच्या अभ्यासात ६ च्या वर गुण असलेल्यांचा खांदा दुर्बिणीच्या बँकार्टनंतर ७० टक्के वेळा पुन्हा अस्थिर झाला. याच पोराला तो मेसेज ‘निर्धास्त राहा’ म्हणतोय.

‘तीन आठवड्यांत मैदान.’ तीन आठवड्यांत हात बहुधा अजून झोळीत असतो. कातडीवरची छिद्रं आठवडा-दोन आठवड्यांत भरतात, म्हणून माणूस फसतो. किनार हाडाला चिकटायला लागणारे महिने दुर्बिणीने कमी होत नाहीत. कबड्डीसाठी साधारण सहा महिने धरा, वाट कुठलीही असो.

‘उघड्यात हात अडकतो.’ यात निम्मं खरं आहे. पूर्वी पुट्टी-प्लाट नावाचं ऑपरेशन व्हायचं. त्यात खांद्यापुढचा स्नायू मुद्दाम आखूड करून शिवत. खांदा निखळायचा थांबे, पण हात बाहेर वळेना आणि काही वर्षांनी सांधा झिजे. ती बदनामी आजच्या उघड्या बँकार्टच्या खात्यावर चढलेली आहे. पण तिथेही तोच स्नायू, सबस्कॅप्युलॅरिस, कापून किंवा फाडून आत जावं लागतं आणि तो कधीकधी नीट जुळत नाही. अशा रुग्णाला मी हाताची मागची बाजू कमरेला टेकवायला सांगते आणि म्हणते, आता हात पाठीपासून उचला. हात तिथेच राहतो. मग विचारलं की कळतं, मागून शर्ट खोचायलाही जमत नाही. दुर्बिणीचा खरा फायदा इथे आहे: हा स्नायू वाचतो, सुरुवातीचं दुखणं कमी असतं आणि सगळा सांधा आतून पाहता येतो. हाड शाबूत असलेल्याने दुर्बीण निवडली तर मी हरकत घेणार नाही.

‘हाड बसवणं म्हणजे बिल फुगवणं.’ फ्रेंच सर्जन लातार्जे यांनी हे ऑपरेशन १९५४ मध्ये मांडलं. खांद्यापुढचा हाडाचा कोंब, कोरॅकॉइड, त्याला जोडलेल्या स्नायूंसकट कापून वाटीच्या झिजलेल्या कडेवर स्क्रूने बसवायचा. हाडाची उणीव भरते आणि हात वर-बाहेर नेला की ते स्नायू गोळ्याला पुढून पट्टा घालतात. हे मोठं काम आहे. मज्जातंतू दुखावू शकतो, स्क्रू सैल होऊ शकतो, हाड न जुळता विरघळू शकतं. म्हणून त्रिमितीय सीटी स्कॅनमध्ये हाडाची झीज दाखवायला सांगा आणि डॉक्टरांनी अशी किती केलीत तेही विचारा, बिनदिक्कत. पण हाड खरंच गेलं असेल तर हा सल्ला देणाऱ्याला लुटारू म्हणू नका.

‘कुठल्याही वयात.’ पिंपळगावच्या मार्केटमध्ये गोण्या उचलणारा पन्नाशीचा हमाल घसरून पडला आणि खांदा उतरला, तर तो पुन्हा निखळण्याची भीती विशीतल्या पोरापेक्षा कितीतरी कमी. त्याची अडचण वेगळी. चाळिशीनंतर निखळताना खांदा उचलणारे स्नायुबंध फाटण्याची शक्यता मोठी. खांदा बसवून दोन-तीन आठवडे झाले आणि हात अजून वर जात नसेल, तर ‘आखडलाय, शेका’ म्हणत बसू नका. सोनोग्राफी किंवा एमआरआय लवकर करा. जुनी फाट शिवायला अवघड जाते.